गाळे काढण्यास हरकत नाही

त्या सभेत पहिली खुर्ची मी फेकली. आधीच सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटायचं, मी फार गरीब गाय आहे आणि मला उगाच मार पडला.

सिंहस्थ तोंडावर आला आणि गंगेकाठच्या मोकळ्या जागेचं काय करायचं, यावर महापालिकेनं शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. नाशकात आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. जागा सरकारी, आणि तिच्यावर आम्हा फुलवाल्या-भाजीवाल्यांचे पत्र्याचे गाळे, एका ओळीत. पहिला गाळा माझ्या सासूबाईंचा. नवरा गेल्यावर तिथंच झेंडू विकून त्यांनी पोरं वाढवली. घर मुलाच्या नावावर, मळा दिरांच्या नावावर. या बाईचं स्वतःचं म्हणून जगात काय होतं, तर तेवढा गाळा, आणि तोही कागदावर कुणाचाच नव्हता.

सकाळी फिरायला येणाऱ्यांना तिथं बाग हवी होती, फरशी हवी होती, दिवे हवे होते. त्यांच्यातला पांढऱ्या बुटांचा एक गृहस्थ उठून म्हणाला, "या बायकाच नदी घाण करतात." अरे वा! आणि रोज देवाला फुलं कुणाची लागतात रे तुला? माझं डोकंच सणकलं. खुर्ची त्याच्या खांद्यावर बसली. त्याच्या दोस्तानं माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं. शेजारच्या गाळ्यातल्या मावशीनं त्या दोस्ताच्या दंडाचा असा चावा घेतला, की तो गुरासारखा ओरडला. मग काय, हॉलभर नुसती हाणामारी. माझ्या पदराला लागलेलं रक्त कुणाचं, तेही कळेना. शेवटी पालिकेचे साहेब माइकवरून ओरडले, "विक्रेत्यांचाही विचार होईल, शांत व्हा!" ते ऐकून आम्ही फाटक्या ब्लाउजांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्याभरात पालिकेकडून सह्यांसाठी कागद आला. आमच्या ओळीत दहावी झालेली मी एकटी, त्यामुळे वाचायचा मान माझा. लिहिलं होतं, 'नदीकाठच्या जागेवरील गाळे काढण्यास आमची हरकत नाही.' मी तर हवेतच गेले. नवी बिल्डिंग झाली की आपण नाही का म्हणत, खाली सहा गाळे काढलेत? म्हणजे बांधलेत. मला वाटलं, पत्र्याच्या जागी पक्के गाळे काढून देतायत!

"नीट वाच गं," सासूबाई म्हणाल्या. "काढनार म्हंजे काय?"

"अहो आई, दुकान काढणं माहीत नाही का तुम्हाला? द्या तो अंगठा इकडं."

सगळ्यांचे अंगठे मी स्वतः धरून धरून उठवले. वर पेढेही वाटले.

सोमवारी सकाळी जेसीबी आला. मी धावत पुढं गेले, "थांबा, आमचा कागद झालाय!" जेसीबीबरोबर आलेल्या पालिकेच्या माणसानं तोच कागद माझ्यापुढं धरला. "ताई, तुम्हीच लिहून दिलंय की. काढायला हरकत नाही." ते 'काढायला' कानात पडलं आणि तेव्हा कुठं मला कळलं, काढणं म्हणजे उखडून टाकणंही असतं. सासूबाई गाळ्यात शिरून खांबाला मिठी मारून बसल्या होत्या. त्याच्याबरोबरच्या दोघांनी त्यांना फरफटत बाहेर ओढलं, तेव्हा पत्र्यानं त्यांची पोटरी फाटली. पुढच्या क्षणी गाळा कागदासारखा चुरगळला. झेंडूच्या पाट्या मातीत गेल्या.

मग बायका माझ्याकडं वळल्या.

"हिनंच वाचलं! हिनंच घात केला!" माझ्यासाठी चावा घेणाऱ्या त्याच मावशीनं दोन किलोचं वजन माझ्या पाठीत घातलं. मी पडले. कुणी छातीवर बसलं, कुणी तोंड ओरबाडलं, कुणी पोटात लाथा घातल्या. मी मेले, असंच मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हात उचलला नाही. कोणत्या तोंडानं उचलणार?

तेवढ्यात सासूबाई लंगडत आल्या. "सरका! माझी सून हाय, मी बघते हिच्याकडं." पायातली चप्पल हातात घेऊन त्यांनी माझ्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. घरच्याच माणसानं हात उचलल्यावर बायका ओशाळल्या, एकेक करून मागं सरल्या आणि आपापलं सामान ढिगाऱ्यातून ओढायला गेल्या. आसपास कुणी उरलं नाही, तरी सासूबाई मारतच होत्या.

घरी आल्यावर त्यांनी मला पालथं झोपवलं आणि पाठीला हळद लावली. त्यांच्या पोटरीला आठ टाके पडलेले, तरी माझ्यापाशी बसून राहिल्या. मला हुंदका आवरेना. म्हटलं, "आई, तुम्ही होतात म्हणून मी वाचले."

त्यांचा हात थांबला.

"पैल्या दोन तुला सोडवाया मारल्या," त्या म्हणाल्या. "बाकीच्या मनापासून मारल्या."