पुस्तिकेतले दोनशे पाच पौंड

सामन्याच्या पुस्तिकेत खेळाडूंची वजनं दहा-वीस पौंड फुगवून छापतात, हे लुइझियानातल्या त्या ऊसवाल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त डेमंड ब्रूसारला. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू काखेत मारून पळणारा हा गडी होता एकशे पंच्याऐंशी पौंडांचा. छापले होते दोनशे पाच. खेळाडू निवडायला येणारे कॉलेजवाले वजन करतील आणि आपण खोटारडे ठरू, या धास्तीने त्याने उन्हाळाभर घेवडा-भात, तळलेले मासे आणि मावशीच्या हातचे लोण्यातले पाव चापले. भरले एकदाचे दोनशे पाच!

सप्टेंबरात मात्र दैना झाली. सामन्याच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात त्याला धाप लागे आणि कुणीही मागून येऊन आडवं करी.

"आणखी महिनाभर बघतो," प्रशिक्षक म्हणाले. "नाहीतर चेंडू दुसऱ्याकडे." म्हणजे खेळाच्या जोरावर मिळणारी कॉलेजची फुकट जागाही गेली.

मिस लुवेनिया (तिकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने 'मिस' म्हणतात) तीस वर्षं संघातल्या पोरांचे घोटे पट्टीने बांधायच्या आणि घामात किती पाणी गेलं ते कळावं म्हणून सरावाआधी-नंतर त्यांची वजनं करायच्या. त्यांनी डेमंडच्या पोटाकडे पाहिलं.

"कितवा महिना रे?"

त्याने रडवेला होऊन सगळं सांगितलं. त्या खो-खो हसल्या.

"अरे येड्या, माझा नवरा त्याच पुस्तिकेत सहा फुटी होता! लग्नात मी उंच टाचांचे बूट घातले, तर थेट त्याचं टक्कल दिसलं मला!"

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला त्या त्याला नदीच्या बांधावर चढ-उतार पळवू लागल्या. सहा पावांचे दोन झाले. "पण उपाशी राहिलास तर लाथ घालीन," हेही बजावलं. हळूहळू चौथ्या सत्रातही दम उरू लागला. चेंडू त्याच्याकडेच राहिला.

नोव्हेंबरातल्या एका सामन्यानंतर दोन दिवसांनी, सरावाआधी, कॉलेजचा माणूस थेट मिस लुवेनियांकडे आला. डेमंड तिथेच घोटा बांधून घेत बसला होता.

"खरं वजन किती याचं?"

डेमंड घाईघाईने पोट आत ओढू लागला.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," मिस लुवेनियांनी सांगून टाकलं.

"तरीच परवा शेवटच्या सत्रात सगळ्यांच्या पुढे पळत होता," तो माणूस म्हणाला. "आम्हाला हा हवाय."

डेमंडचे डोळे भरून आले. या बाईचे उपकार कसे फेडायचे, त्याला कळेना. "मिस लुवेनिया, तुम्ही नसता तर..."

"हलू नकोस," त्या नाक ओढत म्हणाल्या. "पट्टी वाकडी जातेय."