आदेश बरोबर होता

हे मी शुद्ध भाषेत लिहितो आहे. ज्या सरांमुळे लिहितो आहे त्यांना वाचताना कुठे अडखळायला होऊ नये, आणि अशुद्ध आहे म्हणून बाजूला सारण्याची सोयही त्यांना राहू नये, एवढ्यासाठीच.

शुद्ध भाषा मला शाळेनं शिकवली नाही. बा रेल्वेत गँगमन. दर दसऱ्याला तो धम्मचक्र दिनासाठी नागपूरला जायचा आणि येताना पिवळ्या-गुलाबी कागदावर छापलेली चार पानी पत्रकं आणायचा. त्याला स्वतःला अक्षर अक्षर लावत वाचावं लागे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कामावरून आला की हातपाय धुऊन तो भिंतीला टेकायचा आणि म्हणायचा, "वाच." पत्रकात 'मला' असायचं, घरात 'मले' होतं. एक वाचायचं आणि एक बोलायचं, यात काही भांडण असेल असं मला कॉलेजात जाईपर्यंत कधी वाटलं नाही.

वाशीमच्या आमच्या कॉलेजात छात्रसेनेची तुकडी होती आणि तिसऱ्या वर्षी तिचं संचलन माझ्याकडे होतं. मी "थम" म्हटलं की रस्त्यावरचा टांग्याचा घोडाही थांबतो, असं पोरं म्हणत. त्या वर्षी पत्र आलं की आमच्या जिल्ह्यातले दोन छात्रसैनिक उन्हाळ्यात महिनाभर कॅनडाला जाणार. तिथल्या पोरांबरोबर शिबिर, आणि काही दिवस तिथल्या एका कुटुंबात मुक्काम. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. एक जागा अकोल्याच्या कॉलेजला गेली, दुसरी आमच्याकडे आली.

कवायत, नेमबाजी, नकाशावाचन, तिन्हींत मी पहिला होतो. मुलाखत उरली. समोर दोन पाहुणे आणि मधे आमचे सर, तुकडीचे अधिकारी. दहा मिनिटं मी पत्रकासारखा बोललो, एक काना चुकला नाही. मग सरांनी शेवटचं विचारलं, "तुला परदेशात कशाला जायचंय?"

याचं उत्तर मी पाठ केलं होतं. ते आलंच नाही. आलं ते असं: "सर, मले पाहाचं हाये, तिथं मानूस मानसाले कसा बोलावते."

एक पाहुणा खिडकीबाहेर बघू लागला. सर हसले. "हे मले-तुले घेऊन कॅनडाला जाशील? देशाची शोभा करशील बाबा."

दोन दिवसांनी फळ्यावर नाव लागलं. ज्याचे काका बाजार समितीवर होते, त्याचं. निवडीत तो तिसरा होता आणि 'दहिने मुड' म्हटलं की अजून डावीकडे वळायचा, पण बोलायचा पुस्तकासारखा. वर सरांनी मलाच सांगितलं की त्याला बुटांना पॉलिश कसं करायचं ते दाखव. मी दाखवलं. कापड ओलं करून, बोटाला गुंडाळून, लहान लहान गोल फिरवत. हे मी विसरलेलो नाही.

ऑगस्टमध्ये दोघांच्या प्रवासकथनाचा कार्यक्रम ठरला. आधी सभागृहात भाषणं, मग मैदानावर दोघांना आमच्या चोवीस जणांच्या गार्डची मानवंदना. गार्डचा आदेश अर्थातच माझा.

अकोल्याचा छात्रसैनिक आधी बोलला. कागदावरून, मान खाली घालून, शब्द तोलून तोलून. तळं किती मोठं होतं, पहाटे किती थंडी असायची. जेवण झालं की शिबिराचा अधिकारीसुद्धा रांगेत उभा राहून आपली ताटली आपण धुवायचा, हे त्यानं सांगितलं तेव्हा मी ताठ बसलो. मला जे पाहायचं होतं ते त्यानं पाहिलं होतं. लोक मात्र कुजबुजत होते. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

मग आमचा उठला. विमान, लिफ्ट, बर्फाचं पेटीएवढं यंत्र. आणि मग म्हणाला, "आम्ही ज्या घरी राहिलो, तिथल्या बाईंना मी आपल्या खेड्यातली गंमत शिकवली. म्हटलं, भूक लागली की आमचे लोक काय म्हणतात? मऽऽले भूऽऽक लाऽगली." त्यानं तोंड वाकडं केलं, पोट चोळलं. "तर त्या बाई रोज सकाळी दारात उभ्या! मले! मले!"

सभागृह हसून कोसळलं. टाळ्या थांबेनात. सर रुमालानं डोळे पुसत होते. ज्या एका शब्दासाठी मला घरी बसवलं, तोच शब्द नकलेत आला आणि टाळ्या घेऊन गेला. माझ्या शेजारी रिसोडचा एक गार्डवाला बसला होता. तो हळूच म्हणाला, "भौ, हे आपल्यालेच हासून राह्यले काय?" मी म्हटलं, "चाल, बूट बांध."

मैदानात गार्ड उभी केली. समोरच्या ओट्यावर सर, पाहुणे आणि ते दोघे. दोघांनी टोप्या सारख्या केल्या. मी आदेश दिला, "गार्ड, सावधान." चोवीस टाचा, आवाज एक. यानंतर 'सलामी शस्त्र' म्हणायचं असतं.

मी म्हटलं, "गार्ड, पीछे मुड."

कवायतीत कोणी 'कायले' विचारत नाही. चोवीस जण वळले. ओट्याला चोवीस पाठी दिसल्या. मी स्वतः वळलो नाही. मला सरांचा चेहरा पाहायचा होता, आणि मी तो पोटभर पाहिला. आमच्या कॅनडावाल्याचा आदेशाआधीच सलामीसाठी उचललेला हात कानापाशीच राहिला होता. आजही तो हात आठवला की मला बरं वाटतं.

सर ओटा उतरून आले. दातओठ खात म्हणाले, "अरे, आदेश चुकला तुझा. सुधार."

त्यांनी मला वाट करून दिली होती. तिथेच माझ्या लक्षात आलं की हे लोक याला गावंढळ पोराची चूक म्हणणार, त्याच्यावरही हसणार आणि घरी जाणार.

"चुकला नाही, सर."

"काय पाहिजे काय तुला?"

"मले काई नाई पाह्यजे, सर," मी म्हणालो. मैदानभर ऐकू जाईल असं. आदेशाच्याच आवाजात.

गार्डला बंदुका डोक्यावर धरून मैदानाला दहा फेऱ्या मिळाल्या. मीही धावलो. धावता धावता रिसोडवाला म्हणाला, "पुढच्या टायमाले आधी सांगजो. आनखी जोरानं टाच मारली असती."

दुसऱ्या दिवशी सरांनी कोरा कागद पुढे केला. 'आदेश देताना माझी चूक झाली' एवढं लिहून द्यायचं. नाहीतर छात्रसेनेचं प्रमाणपत्र मिळणार नाही. ते हातात असतं तर फौजेत अधिकारी होण्याच्या वाटेतली लेखी परीक्षा टळली असती. बानं त्या प्रमाणपत्रासाठी भिंतीवर खिळा आधीच ठोकून ठेवला होता.

कागद घरी नेला. बा म्हणाला, "लिहून दे ना बाप्पा एक ओळ. कागदच तं हाये."

"बा, तुमीच तं नागपूरहून कागद आनत होते. ते काय नुसते कागद होते?"

 त्यानं खिळा उपटला नाही, उठून त्याला पिशवी अडकवली. म्हणाला, "लिही मंग काय लिहाचं ते."

मी लिहिलं, 'आदेश बरोबर होता.' खाली सही केली आणि सरांच्या टेबलावर ठेवलं. प्रमाणपत्र गेलं.

माफी मी मागितली, पण एकाच माणसाची. त्या दिवशी निघताना अकोल्याचा छात्रसैनिक माझ्याजवळ आला होता. "माझं काय चुकलं?" एवढंच त्यानं विचारलं होतं.  सूड घेताना मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्याला पोस्टकार्ड टाकलं, सगळं खरं खरं लिहिलं.

उत्तर आलं ते वऱ्हाडीत. त्यानं लिहिलं होतं की त्या बाईसमोर 'मले भूक लागली' तो स्वतः म्हणाला होता. थट्टेनं नाही. दोन दिवस भाकर मिळाली नव्हती, इंग्रजी सुचेना, तोंडून तेच निघालं. बाई हसली नाही. तिनं तो शब्द नीट म्हणून पाहिला, मग ताट वाढलं, आणि रोज सकाळी तोच शब्द विचारत राहिली. 'त्यानं माह्या तोंडचा शब्द बी घेतला अन् गोष्ट बी,' त्यानं लिहिलं होतं. स्टेजवर आपण ती का सांगितली नाही, हे त्यानं लिहिलं नव्हतं. मला ते लिहून सांगायची गरजही नव्हती.

म्हणजे ज्याच्याकडे मी चोवीस पाठी फिरवल्या, तोच तिथे आमची भाषा बोलून आला होता. हे मला आजही टोचतं. पण म्हणून सरांना सूट नाही, आणि त्या दुसऱ्याला तर नाहीच. त्यानं जागा माझी घेतली, शब्द त्याचा घेतला. तो आता कुठल्याशा कॉलेजात शिकवतो आणि अजून ती नक्कल करतो, असं ऐकतो.

पुढच्या वेळी तो ती करील तेव्हा सभागृहात कोणीतरी हे वाचलेलं असावं. त्यानं उठून उभं राहावं, काही बोलू नये. नुसतं पीछे मुड करावं.