पैनगंगेचं पाणी मोजणाऱ्या मॅडम

कॉलेजच्या लॅबमध्ये वीस वर्षं अटेंडर राहिलं की किस्से आपोआप साचतात. बरण्यांतले मासे पुसता पुसता मला ते आठवतात, अन् चहाला कोणी भेटलं की मी सांगत बसतो. आमच्या आदिलाबादच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे शिक्षक बरेच आले अन् गेले, पण सगळ्यात जास्त किस्से पद्मजा मॅडमचे.

मॅडम गोदावरीच्या पार दुसऱ्या टोकाच्या, नदी समुद्राला मिळते त्या खाडीकाठच्या. वडील तिथं मासे धरायचे. खाडीचं पाणी तापत गेलं तसे अंडी घालायला येणारे मासे कमी झाले, काही तर दिसेनासेच झाले. त्यावर मॅडमचा अभ्यास. बदली होऊन इकडं आल्या तर पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "इथलंपण पाणी मोजू."

*

पहिल्यांदा पैनगंगेवर गेलो तेव्हा काठावर किसनमामा भोई जाळं शिवत बसले होते. मॅडमनी दोरीला थर्मामीटर बांधून डोहात सोडला. मामा बराच वेळ बघत राहिले.

"नदीले ताप आला का बाई?"

"आला आहे, मामा."

मामांनी सुई बाजूला ठेवली. "मंग औषध कोन देईन?"

मला हसू आलं होतं. मॅडमचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

*

थर्मामीटर फुटला. नवा मागायला मी दफ्तरात दरख्वास्त दिली. आमचे क्लार्क मोठे कायद्याचे. त्यांनी शेरा मारला, "नदी कॉलेजच्या हद्दीत येत नाही. नामंजूर."

मॅडमनी त्याच कागदावर खाली लिहिलं, "मासेही येत नाहीत. तरी आम्ही ते शिकवतो."

दुसऱ्या दिवशी मंजूर झाला.

*

किसनमामांच्या बायकोनं, सखूमामीनं, एकदा मॅडमना जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर अन् माशाचा रस्सा. वाढता वाढता मामी अडखळली. "बाई, तुमी मासे खाता ना? का नुसत्या मोजता?"

मॅडम म्हणाल्या, "खाते. म्हणूनच मोजते."

अन् दुसरी भाकर मागून घेतली.

*

मे महिन्यातली एक दुपार मात्र विसरता येत नाही. डोह गुडघाभर उरला होता. पाण्यात हात घातला तर न्हाणीतल्यासारखं ऊन लागत होतं. मोठमोठे खडस मासे तोंडं वर काढून आ वासत होते. इकडं खडस आताशा क्वचितच दिसतो. त्या दिवशी नुसत्या हातानं टोपलीभर धरता आले असते.

किसनमामांच्या खांद्यावर जाळं होतं, पण ते तसेच उभे.

"जाळं काऊन टाकून नाही राह्यले मामा?" मी विचारलं.

"दवाखान्यात भरती असलेल्याले कोनी लुटते का?"

मग मामा गावात गेले अन् कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या घेऊन आले. सखूमामीनं जुनी लुगडी आणली. आम्ही बांबू रोवून डोहाच्या एका कोपऱ्यावर मांडव घातला. मॅडम गुडघाभर चिखलात उतरून गाठी मारत होत्या. संध्याकाळपर्यंत सात मासे मेले. बाकीचे सावलीत येऊन थांबले. मॅडमनी मेलेल्यांची लांबी मोजली, वहीत लिहिली, अन् माझ्याकडं पाठ करून तोंड धुतलं. फार वेळ धुतलं.

*

गेल्या उन्हाळ्यात, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, किसनमामा बसनं थेट कॉलेजात आले. हातात झाकणाचा डबा. आत ओल्या पोत्यात हातभर लांब वाम, पाठीवर काटे नसलेली, गुळगुळीत.

"असली वाम ल्हानपनी पाह्यली होती. मंग आजच."

मॅडम तिथंच फरशीवर बसल्या. त्यांनी सांगितलं, ही समुद्रात जन्मते. बोटाएवढी असताना खाडीतून नदीत शिरते अन् वर वर चढत येते. वय झालं की अंडी घालायला परत समुद्रात जाते. "पण आता मध्ये इतके बंधारे आहेत. ही आली कशी, तेच नवल."

"मंग वापस कशी जाईन?"

मॅडमनी पोत्यावर पाणी शिंपडलं.

मामांनी डबा त्यांच्यापुढं सरकवला. "तुमी उद्या गावाले चालल्याच आहा. घेऊन जा हिले संगं."

मला वाटलं, आता मॅडम समजावून सांगतील. त्या मला म्हणाल्या, "भीमराव, लॅबमधला मोठा ड्रम आणा."

रेल्वेत तो ड्रम त्यांनी पायाशी ठेवला. प्रत्येक मोठ्या स्टेशनला पाणी शिंपडलं. टीसीनं विचारलं तर म्हणाल्या, "सोबत आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पैनगंगेवर पाणी मोजायला गेलो होतो. मॅडमचा फोन आला. वाम खाडीच्या तोंडाशी सोडली, हलली, अन् गेली. मी फोन किसनमामांच्या हाती दिला.

मामा जोरात बोलले, जणू आवाज समुद्रापर्यंत न्यायचा होता. "बाई, तिकडलं पानी कसं हाये? गार हाये ना?"

"गार आहे, मामा."

मामांनी फोन परत दिला अन् जाळं उचलून कामाला लागले.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. मॅडमनी सुट्टीतली वही मला रजिस्टरात उतरवायला दिली. वाम सोडली त्या सकाळच्या तारखेला दोन नोंदी होत्या. पैनगंगा, मी फोनवर कळवलेली, बत्तीस अंश. खाली मॅडमची स्वतःची, खाडीचं तोंड, चौतीस.

मी दोन्ही नीट अक्षरात उतरवल्या.