कुडपणातलं इमान

राहीबाईच्या तुपात बोट घालून बघायची महाडात कुणाची छाती नव्हती. बघायचंच असेल तर दुसरीकडे जा, असं ती तोंडावर सांगायची. बाई उंचीने बेताची, पण आवाज असा की सावित्री नदीच्या पलीकडून हाक मारली तर अलीकडचं झोपलेलं कुत्रं उठून बसावं. कुडपण म्हणजे पोलादपूरच्याही वरचं, पार डोंगरमाथ्यावरचं गाव. तिथून डोक्यावर तुपाची चरवी घेऊन ती उतरायची, पोलादपुरात एस्टी धरायची आणि महाडात रघुवीरशेट वाण्याच्या पायरीवर येऊन टेकायची. जन्मभर तिने दोनच गोष्टी सांभाळल्या, म्हशी आणि शब्द. म्हशी कधीमधी वाट चुकायच्या. शब्द मात्र कधी चुकला नाही.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, त्या दिवसांतला हा श्रावण. बेळगावहून मुंबईला निघालेलं उतारूंचं विमान ढगांत शिरलं ते बाहेर आलंच नाही. कोकणावरून जाताना शेवटचं बोलणं झालं, पुढे काही कळलं नाही, असं रेडिओवर सांगितलं. झालं! महाडकरांना एवढं पुरे होतं.

विमान नेमकं कुठे गेलं हे सरकारला माहीत नव्हतं, महाडात मात्र ज्याला त्याला माहीत होतं. न्हाव्याच्या दुकानात ते पोर्तुगीजांनी पळवून गोव्यात उतरवलं होतं आणि आतल्या लोकांना कोठडीत घातलं होतं. वकिलांच्या ओटीवर ते अरबस्तानात पोचलं होतं, कारण आत म्हणे सोन्याच्या विटा होत्या. ज्योतिषी पश्चिम दिशा आणि पाणी यापलीकडे जायला तयार नव्हते. पाचाडच्या हॉटेलवाल्याने तर ते रायगडाच्या कड्याला थडकलेलं कानांनी ऐकलं होतं, आणि ते ऐकायला जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे चहा पिऊनच परतत होता. अहो, बोलणाऱ्यांचं काय जात होतं? कुणाचं माणूस त्या विमानात थोडंच होतं!

एकीचं होतं. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या अंबिकाबाईंचा धाकटा भाऊ बाळ त्या विमानात होता. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून बाईंनीच त्याला वाढवलं, शिकवलं. स्वतःच्या लग्नाचा विषयसुद्धा त्यापायी मागे पडला. बाळला बेळगावात नोकरी लागली होती, कंपनीच्या कामाला साहेबाने त्याला विमानाने मुंबईला धाडलं होतं. आता रस्त्याने जाताना जो तो बाईंना थांबवून आपलं विमान त्यांच्या ओटीत टाकायचा. बाई ऐकून घ्यायच्या. गोवा म्हटलं की बाळ जिवंत, रायगड म्हटलं की मेलेला. दिवसातून कितीदा तरी त्यांचा भाऊ मरत होता आणि जगत होता. या सगळ्यात त्यांच्या डोळ्यांना पाणी म्हणून आलं नाही. कशासाठी रडायचं तेच ठरत नव्हतं.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्या डोंगरातली माणसं विमानाला इमानच म्हणतात. आणि सचोटीलाही इमानच. एकच शब्द दोन्ही कामांना जुंपलेला, आणि त्यानेच घात केला.

त्या आठवड्यात राहीबाई तूप घेऊन आली. रघुवीरशेट आपला नेहमीसारखा चेष्टेवर आलेला. म्हणाला, "काय राहीबाई, आता डालड्याचे डबे आलेत बाजारात. तुमच्या चरवीत तर नाही ना शिरला एखादा?"

बाईचा पारा जो चढला! "शेट, तुमच्या म्हाडात नसंल," ती कडाडली, "पण आमच्या कुडपणात अजून इमान हाय! यावं नि बगावं सवताच्या डोळ्यांनी!"

आणि चरवी उचलून ती तरातरा एस्टीकडे निघाली.

पलीकडे चांगू हमाल गोणी उतरवत होता. हा चांगू तुडीलचा, मनाचा गरीब, कानाचा त्याहून गरीब. आठ दिवस इमान, इमान ऐकून त्याचं डोकं नुसतं घुमत होतं. त्याच्या कानावर शेवटचं तेवढं आलं. हातातली गोणी तशीच टाकून तो ओरडत सुटला, "कुडपणात इमान हाय रे! राहीबाय सांगून गेली!" दिवस कलेपर्यंत ते विमान कुडपणच्या माळावर धडधाकट उभं होतं आणि उतारू नाचणीची भाकर खात बसले होते. पराचा कावळा करावा तर महाडकरांनीच.

दुसऱ्या दिवशी राहीबाई गोठा झाडत होती, तर धुक्यातून चांगू वर आला. मागे एक शहरी बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही. तिने राहीबाईचे दोन्ही हात धरले.

"माझा बाळ कुठे आहे?"

"अगो बाय! कुणाचं बाळ? केवढं हाय?" राहीबाईने खराटा टाकला. कुणाचं तान्हं पोर चुकलं म्हणून ती हाका मारायला वळलीसुद्धा.

"माझा भाऊ. विमानात होता. तुम्हीच म्हणालात ना, कुडपणात विमान आहे?"

राहीबाईने चांगूकडे पाहिलं. चांगूने जमिनीकडे पाहिलं. सगळा उलगडा झाला.

"इमान म्हनले गो बाय," ती हळूच म्हणाली आणि छातीवर हात ठेवला. "ह्ये इमान. तुपाचं बोलत व्हते मी."

अंबिकाबाई आधी हसल्या. मग जिथे होत्या तिथेच चिखलात मटकन बसल्या. त्यांचा चेहरा असा कोरडा पडला की तो बघवेना.

खरं तर राहीबाईची काय चूक? ऐकलं चांगूने, पसरवलं महाडाने. पेलाभर दूध पाजून वाटेला लावली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण ती राहीबाई होती! तिने कासोटा घट्ट केला, कमरेला कोयता अडकवला आणि नवऱ्याला, कोंडाजीला हाक मारली.

"अगो, नाचणीतलं तण काढायचंय, बेणणी पडलीय सगळी," कोंडाजी कुरकुरला. "आन जे नायच ते शोधायचं कुठं?"

"'नाय' ह्ये बगितल्याबिगर सांगू कसं?" ती म्हणाली. "माज्या शब्दावर ही पोर डोंगर चढून आलीय. माझा शब्द रिकामा गेलेला चालायचा नाय मला."

मग भावकीतले हैबती, सोनबा असे निघाले, बायाही निघाल्या. एकमेकांना हाका घालत त्यांनी माथ्याखालची एकेक घळ पालथी घातली. शेवाळलेल्या दगडांवरून राहीबाई दोनदा घसरली, गुडघा फुटला, तरी थांबली नाही. धुकं उठेल तेवढ्या वेळात शोधायचं, पडलं की झाडाखाली थांबायचं. अंबिकाबाई त्यांच्यातच होत्या. दिवसभर रानात, संध्याकाळी राहीबाईच्या चुलीशी. असे बरेच दिवस गेले. शेवटी राहीबाई त्यांच्यासमोर येऊन बसली.

"आमच्या डोंगराच्या अंगाला नाय गो बाय. मी बगितलंय."

सगळ्यांनी काही ना काही दिलं होतं, गोवा दिला, अरबस्तान दिला. स्वतः बघून आलेला 'नाय' अंबिकाबाईंना पहिल्यांदा मिळाला. त्यांनी वाकून राहीबाईला नमस्कार केला. ती "अगो, मास्तरीनबाय, ह्ये काय!" म्हणत मागे सरकली.

महाडाला पुढे दुसरे विषय मिळाले. राहीबाईने मात्र विषय सोडला नाही. पावसाळा सरला की गवत कापायला ती मुद्दाम नव्या अंगाला जायची, जिथे गुरंही जात नसत तिथे. कार्तिकात तूप घेऊन उतरली की आधी अंबिकाबाईंचं दार. "औंदा खालच्या कड्याच्या अंगाला गेलते. नाय." बाई चहा करायच्या. दोघी चहा प्यायच्या आणि राहीबाई बाजाराला जायची. आहे का असा कुणी तुमच्या माहितीत? गेलेल्याशी नाही नातं, नाही गोतं!

मग गोवा मोकळा झाला. महाडात न्हाव्याचं विमान पुन्हा उडालं. आता कोठड्या उघडतील, आता येतील बघा सगळे! अंबिकाबाईंनी बाळची खोली झाडून ठेवली. गोव्याहून पुष्कळ माणसं आली, बाळ आला नाही.

त्यानंतर राहीबाई आली, तर बाईंनी चहा ठेवलाच नाही. तिचा हात धरून त्या म्हणाल्या, "राहीबाई, मी दमले हो. या खेपेला खोटं सांगा. सापडलं म्हणा, एक तुकडा दिसला म्हणा. तुम्ही म्हणालात की मी खरं मानीन, आणि मोकळी होईन."

राहीबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एक शब्द टाकला असता तर त्या जिवाला सुख मिळालं असतं, हे तिला कळत होतं. जीभ उचललीही तिने. पण ती वळली नाही.

"त्येवढं नको मागू गो बाय," ती म्हणाली. "नाय बगितलं त्ये बगितलं म्हनू कसं? पन एक करते. तुज्या भावाची वाट बगायचं काम आजपासून माझं. मी हाय तवर बगीन. तू आता रडून घे."

आणि अंबिकाबाई रडल्या. इतक्या वर्षांचं सगळं रडल्या, राहीबाईच्या त्या तुपाचा वास लागलेल्या पदरात तोंड खुपसून. संध्याकाळी दोघी सावित्रीवर गेल्या. बाईंनी बाळच्या नावाने ओंजळभर पाणी सोडलं. राहीबाई जरा मागे उभी होती.

पुढच्या कार्तिकात राहीबाई पुन्हा रघुवीरशेटच्या पायरीवर होती. अंबिकाबाई तिथेच गूळ घेत होत्या. शेटने त्यांना पाहिलं नाही आणि जुनी चेष्टा काढली, "काय राहीबाई, सापडलं का तुमचं इमान?"

राहीबाईने चरवी पायरीवर ठेवली.

"सापडलं की," मागून अंबिकाबाई म्हणाल्या. शुद्ध बोलणाऱ्या, मुलींचे उच्चार सुधारणाऱ्या बाई, पण शब्द त्यांनी डोंगरातलाच घेतला. "कुडपणात इमान आहे, शेट. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेय."