बैलगाडीतून उतरलेली बाई

"मेली ते, धुरपता. माह्या डोळ्यानं पाहून आली मी. नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून मेली."

"मंग त्यात पाहण्यासारखं काय होतं वो?"

"तू जिवंत आहे म्हणून सांगतलं होतं. गाडीतून उतरली अन् चालू लागली म्हणून सांगतलं होतं."

"सांगतलं होतं."

"मंग खोटी कोन, तू का तो सिनेमाचा पडदा?"

बिडी कारखान्याच्या छपरीत वीस-बावीस बायांच्या कात्र्या एकदम थांबल्या. दारात सुशिलाबाई उभी होती. काखेत गाठोडं, कपाळावर घाम, आणि आवाज असा, की पान भिजवायच्या टाक्याशी बसलेल्या बायांनीही माना वर केल्या. ती या कारखान्यातली नव्हे. तिची थोरली लेक शामकला इथं बिड्या वळायची. ती खांबापासून तिसरी, मान खाली घालून बसली होती, आणि साऱ्या छपरीत तिची एकटीचीच कात्री चालू होती.

गाठोड्यात काय आहे ते कोणी विचारलं नाही. शामकलाची दोन लुगडी, फणी-करंडा आणि सासरी न्यायचा चिवडा. तिचा सासरा केशोराव सकाळपासून स्टेशनवर बसला होता. चांद्याच्या लाइनीची गाडी चारला सुटायची, अर्जुनीची दोन तिकिटं त्यानं धोतराच्या सोग्यात बांधून ठेवली होती. राइस मिलचा दोनचा भोंगा होऊन बराच वेळ झाला होता.

शामकला दसऱ्याला माहेरी आली ती डावं मनगट लुगड्याच्या पदरात गुंडाळून. शालीकरामनं, तिच्या नवऱ्यानं, ते कसं आणि कशावरून पिरगाळलं हे तिनं आईला एकदाच सांगितलं. सूज उतरली, पण मनगट पुरतं वाकेना. बिडीचं तोंड बंद करताना तिला उजव्या अंगठ्याचं नख दुप्पट जोरानं दाबावं लागे, आणि संध्याकाळी बिड्या तपासणारा मुन्शी तिच्या सुपातल्या मूठ-दोन मूठ बिड्या मोडून टाकी. केशोराव याआधी दोनदा येऊन हात हलवत परत गेला होता. पोरगी का जात नाही, हे त्याला कळेना. छपरीतल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं. शामकला जात नव्हती ती सिनेमातल्या एका बाईपायी, आणि ती बाई छपरीत आणली होती धुरपताबाईनं.

धुरपताबाईचं वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटकुळी, आणि तोंडानं कोणाचं ठेवून न घेणारी. नवरा मरून सहा वर्षं झाली होती. कारखाना मंगळवारी बंद असे आणि स्टेशनामागच्या पत्र्याच्या टाकीत, म्हणजे सिनेमाच्या थेटरात, त्याच दुपारी बायांसाठीचा जनाना खेळ असे. दर मंगळवार तिला जमत नसे. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. पण एक सिनेमा ती महिनाभर पुरवी. बुधवारी सकाळी सूप मांडीवर घेऊन बसली की फुलवंता सुरुवात करून देई, "मावशी, काय पाहिलं?" आणि धुरपताबाई एकेकाच्या चिंधड्या करी.

तो राजपुत्र म्हणे शेतकऱ्याच्या वेषात रानात फिरतो. पायात जोडे. चिखलात जोडे घालून धानाचा परा लावते का कोनी? देव आकाशातून आला तेव्हा त्याच्या कमरेची दोरी तिला दिसली होती, आणि सगळ्या टाकीनं हात जोडले तेव्हा तिनं मुद्दाम जोडले नाहीत, दोरी धरणाऱ्यानं सोडली तर काय, या काळजीनं. एका सिनेमातला नायक बिडी ओढत होता. ती बिडी पाहून तिला त्याच्या प्रेमावरच विश्वास बसेना. तोंड उघडं, धागा सैल. मुन्शीनं पहिल्या झटक्याला मोडली असती, ती म्हणाली, आणि असल्या मानसावर बाई जीव टाकून राहिली.

सांगताना तिचे हात थांबत. राणीचं सांगायचं तर मान ताठ व्हायची, म्हाताऱ्याचं सांगायचं तर कात्रीच काठी व्हायची. मग तिचं सूप रिकामं राहू नये म्हणून बायांनीच रीत पाडली होती. गोष्ट ऐकणारीनं आपल्या सुपातल्या पाच बिड्या धुरपताबाईच्या सुपात टाकायच्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी चुकवतही नव्हतं. कुठं बसायचं हेही ठरलेलं होतं. सगळ्या बाया तिच्या उजवीकडे बसत. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. टाकीतही ती आवाजाच्या भोंग्याकडे उजवा कान करून बाकाच्या टोकाला बसे.

लढाईचे दिवस. नवी रिळं येईनात, म्हणून टाकीवाल्यानं गेल्या वर्षीचाच एक सिनेमा पुन्हा आणला. काल मंगळवारी सुशिलाबाई तो पाहून आली. आयुष्यातला तिचा तिसरा सिनेमा. मुद्दाम पाहायला गेली होती, कारण घरात चार महिने हीच बाई तिच्या आडवी येत होती. शामकलाला काही म्हणावं, तर ती म्हणे, त्या बाईलेही साऱ्यांनी गाडीत बसवून दिलं होतं, पण ते अर्ध्या रस्त्यात उतरली ना. काय झालं तिचं? जगलीच ना?

"तुह्या भरवशावर पोरगी घरात बसून आहे," सुशिलाबाई आत येत म्हणाली. "धाकटीचं जुळून राहिलं. पोराकडचे विचारतात, थोरली काऊन घरी आहे? काय सांगू, धुरपतानं सिनेमा सांगतला म्हणून?"

धुरपताबाईनं मांडीवरचं पान उचललं, पत्र्याचा नमुना त्यावर ठेवला आणि कापलं नाही. तिला शामकलाकडे पाहायचं होतं आणि पाहवत नव्हतं. आता या छपरीतून पोरगी उठेल, गाठोडं काखेत मारेल आणि चारच्या गाडीत बसेल. कारण सांगणारी खोटी निघाली. खोटेपणा कबूल नाही केला तर? तर सुशिला सगळ्या जनाना खेळातल्या बाया साक्षीला उभ्या करील.

फुलवंतानं विचारलं. ती सगळ्यांत जवळ बसायची, उजव्या कानाशी.

"मावशी, मंग ते दुसऱ्या सिनेमातली आंधळी माय? तिचा पोरगा मेळ्यात सापडला होता ना तिले?"

"नाई."

"अन् ते कोळीन? नाव बुडली तरी तरून आली होती ते?"

"नाई आली."

फुलवंता पुढं झुकली. हात लांब केला आणि सकाळी टाकलेल्या आपल्या पाच बिड्या धुरपताबाईच्या सुपातून उचलून घेतल्या. मग खांबाजवळची एक उठली, तिनंही घेतल्या. तिसरीनं घेताना तोंडातल्या तोंडात काही तरी पुटपुटलं. सुपात नुसता जर्द्याचा चुरा दिसू लागला. धुरपताबाईला नवऱ्याच्या तेराव्यालाही असं उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं.

शामकलाची कात्री थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "गाडीत बसवल्यावर काय झालं? जसं पडद्यावर होतं तसं सांग."

"तुही माय पाहून आली. तिले विचार."

"मी तुले विचारून राहिली."

धुरपताबाईनं कात्री खाली ठेवली. या वेळी मान ताठ झाली नाही की हात हलले नाहीत. पाढे म्हणावेत तसं तिनं सांगितलं. बाप तिला गाडीत बसवतो. गाडी चालते, ती मागं पाहते, आणि गाडी चालतच राहते. ती उतरत नाही. सासरी जाते. नवरा दुसरीच्या घरी असतो. ती चूल पेटवते, सासूचे पाय दाबते, खोकते. वर्ष जाते. एका दिवशी अंथरूण धरते. तेव्हा नवऱ्याला समजते. धावत येतो, तिचं डोकं मांडीवर घेतो, रडतो. ती त्याच्या पायाची धूळ कपाळाला लावते आणि मरते.

"रडला ना पन," सुशिलाबाई घाईनं म्हणाली. "सुधरला. सारी टाकी रडली, मीही रडली. एवढ्या दगडाले पाझर फुटला. शालीकराम काही तेवढा वाईट नाई. केशोरावनं शपथ घेतली, पोरगा दारूले शिवत नाई आता."

"मीही रडली होती," धुरपताबाई म्हणाली. "पदर ओला झाला माहा. अन् बाहेर आल्यावर मलेच माहा राग आला. श्वास अडकला आहे बाईचा, अन् अख्खं गानं म्हणते, तीन कडवे. तो रडते तर डोळ्यातलं पानी गालावर येत नाई. बरं, आलं समजू. रडला तो. तिच्या कोनत्या हाडाले त्याचा फायदा झाला, सांग मले. ते मेली तेव्हा तो सुधरला. तो सुधरावा म्हणून तिनं मरावं, असा सिनेमा आहे तो. मले नाई आवडला."

"नाई आवडला तर नाई सांगायचा. बदलवाचा कायले?"

धुरपताबाईनं रिकाम्या सुपातला जर्दा बोटानं सारखा केला. बदलायचं असं तिनं ठरवलं कुठं होतं? टाकीतून निघून रुळाच्या कडेनं घरी चालताना ती बाई तिच्यासोबत चालत होती. मालगाडी जाऊन फाटक उघडेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या, आणि फाटक ओलांडलं तेव्हा ती बाई गाडीतून उतरलेली होती. बुधवारी छपरीत तिनं तेवढंच सांगितलं. शामकला तेव्हा सासरी होती. दसऱ्यानंतर आली, बायांनी तिला ऐकवायला म्हणून पुन्हा सांगायला लावलं, आणि मनगट पदरात घेऊन बसलेल्या त्या पोरीनं एकच विचारलं होतं: उतरल्यावर मागं पाहिलं का तिनं? धुरपताबाई म्हणाली होती, नाई.

सुशिलाबाई आता तिच्या अगदी उजवीकडे येऊन उभी राहिली. आवाज खाली आला होता, समजूत घालायचा झाला होता. "अन् तू काय वेगळं केलं, धुरपता? तूही माहेरी येऊन बसली होती, आम्ही लहान होतो तरी आठवते मले. गेलीच ना परत? चांगला तीस वर्षं संसार केला. तुहं काय वाईट झालं?"

"तिकडून बोल."

"काय?"

"डाव्या बाजूनं येऊन बोल, सुशिला. हेच बोल."

सुशिलाबाई हलली नाही. इतकी वर्षं सगळ्या जणी उजवीकडे बसत आल्या होत्या. डावीकडे काय झालं हे एकीनंही विचारलं नव्हतं.

"सोळा वर्षाची होती मी," धुरपताबाई म्हणाली. "दिवाळीनंतरची मंडई होती, गावची जत्रा. रातच्याले दंडारीचं नाटक पाहाले गेलो आम्ही. त्यात रानी रुसून माहेरी येते, मंग परत जाते, अन् राजा तिचे पाय धरते. बापानं माह्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी गेली. राजानं पाय नाई धरले. पहिल्याच आठवड्यात हा कान गेला. उंबरठ्यातच होती मी, हातात पितळी होती." तिनं डाव्या कानावरचा पदर सारखा केला. "दंडारीतली रानी करनारा तो मानूस मंग दरसाल भेटे मले मंडईत. एकदा म्हणणार होती त्याले, रानीले जरा उभं तर ठेवाचं होतं रस्त्यात. नाई म्हटलं."

सुशिलाबाईनं काखेतलं गाठोडं सावरलं. ती वाईट बाई नव्हती. लेकीचं मनगट तिनंच महिनाभर तेलानं चोळलं होतं. पण स्टेशनवर माणूस बसला होता, धाकटीचं जुळत होतं, आणि उन्हाची तिरीप छपरीच्या दुसऱ्या खांबापर्यंत सरकली होती. ती वळली.

"शामे, चाल. तिचं तिच्यासोबत गेलं. साऱ्यांचं सारखं होत नाई. तीन वाजत आले."

शामकलानं वर पाहिलं, आईकडे नाही, धुरपताबाईकडे.

"मी जा म्हणत नाई अन् राहा म्हणत नाई," धुरपताबाई म्हणाली. "खोटं सांगतलं, ते माहं चुकलं. सिनेमातली बाई उतरत नाई. तिचा भरवसा धरू नोको. माहाही धरू नोको."

शामकला उठली. लुगड्यावरचा जर्दा झटकला. सूप उचलून धुरपताबाईजवळ आली आणि उजव्या हातानं त्यातल्या बिड्या काढून तिच्या रिकाम्या सुपात टाकू लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. तोंडं जरा वाकडी, पण बंद. मग तिनं आईच्या काखेतलं गाठोडं हळूच काढून घेतलं. सुशिलाबाईनं ते दिलं. आपलं ऐकलं, असंच तिला वाटलं. गाठोडं आपल्या काखेत, सूप कमरेवर, अशी शामकला छपरीच्या पायऱ्या उतरली.

सुशिलाबाई लगबगीनं मागं गेली आणि फाटकाशीच थबकली. पोरगी डावीकडे, घराच्या गल्लीकडे वळली होती.

"शामे, टेशन इकडं आहे."

छपरीत कोणी पान कापत नव्हतं.

"शामे. त्याले काय सांगू मी? तिकिटं काढून बसला आहे तो. शामे, काय सांगू त्याले?"

शामकला चालत होती. तिनं मागं पाहिलं नाही.