तडा गेला नाही म्हणून मॉडेल चुकलं

मंडळी, माझं कॉम्प्युटर मॉडेल चुकलं, असं आज मला चारचौघांत कळवण्यात आलं.

नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटला तडे कुठे जातील, हे आधीच कॉम्प्युटरवर काढून बघणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. परवा लोणी काळभोरला एका गोदामाचा स्लॅब टाकायचा होता. ऊन कडक, त्यात वारा. वरचा थर भराभर सुकणार, आतला ओलाच राहणार. स्क्रीनवर पश्चिमेचा कोपरा लालभडक दिसत होता.

"लाल म्हंजे काय वो मॅडम?" कंत्राटदार अण्णांनी विचारलं.

"तडा जाणार. अण्णा, ताजा स्लॅब म्हणजे बाळंतीण समजा. वारा लागू देऊ नका."

हे मात्र त्यांना लगेच पटलं. स्लॅब टाकल्या टाकल्या त्यांनी वर प्लॅस्टिक अंथरलं, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधली.

आज सकाळी बघायला गेले. त्या कोपऱ्यात वाकून पाहिलं, केसाएवढीही भेग नाही. मला बरं वाटलं.

तेवढ्यात अण्णा गोदामाच्या मालकांना सांगताना ऐकू आले, "मॅडमचं कॉम्प्युटर म्हनलं तडा जानार. कुठं गेलाय? उगा ताडपत्रीचा ताप झाला."

मालकांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "होतं हो असं कधीकधी," म्हणाले.

उद्या शेजारचा स्लॅब आहे. तो उघडाच ठेवायचं ठरलंय. मी सांगून पाहिलं, पण चुकलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

त्याचं मॉडेल आत्ताच चालवलं. कोपरा लालच आहे.

आता तुम्हीच सांगा, उद्या मी बरोबर ठरावं म्हणून देवाला हात जोडू, की चुकावं म्हणून?