काकांचा वजीर मी परत दिला नाही

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे. दुपारी लष्कर भागात चुलत सासऱ्यांकडे बुद्धिबळ खेळत होते. माझ्या घोड्याने एकाच चालीत त्यांच्या राजाला आणि वजिराला पकडलं. मी "शह" म्हटलं, त्यांनी राजा हलवला, मी वजीर मारला.

"वजिरावर मारा असला तर आधी सांगायचं असतं आमच्यात. ये तो धोखा है," काका भडकले.

नवरा लगेच म्हणाला, "दे ना परत, मोठे आहेत."

अहो, सांगितलं असतं तरी राजाच हलवावा लागला असता. वजीर जाणारच होता.

ही चाल मला काकांनीच शिकवली, गेल्या रविवारी माझा वजीर मारून. तेव्हा त्यांनी आधी सांगितलं नव्हतं, आणि नवरा टाळ्या वाजवत होता.

तुम्ही दिला असता परत?